वाचकांचे प्रश्न : कालव्यावरून बोट चोरीला गेली, आता शोध कुठून सुरू करावा?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी आणि माझ्या पत्नीने तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या कालव्यांवर चालणारी एक नॅरोबोट (राहता येईल अशी लांब, अरुंद बोट) विकत घेतली. लांबी ५७ फूट, रंग गडद हिरवा, नाव ‘चंद्रभागा’. हे नाव दोन्ही अंगांना इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत रंगवून घेतले होते. नोव्हेंबरमध्ये ग्रँड युनियन कालव्यावर गेटन जंक्शन आणि ब्लिसवर्थ यांच्यामध्ये, नाळ (बोटीचे पुढचे टोक) ब्लिसवर्थच्या बोगद्याकडे ठेवून, आम्ही ती काठाला बांधली आणि रविवारी संध्याकाळी घरी परतलो. पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा बोट जागेवर नव्हती. लोखंडी खुंट्या जमिनीतच होत्या आणि एकीला कापलेल्या दोराचा तुकडा लोंबत होता. पोलिसांनी फोनवर तक्रार घेऊन गुन्ह्याचा क्रमांक दिला आणि आठ दिवसांनी काही धागादोरा नसल्याचे कळवले. विमा कंपनीने कागद मागवले आहेत. पत्नीला त्या बोटीकडे पाहून हुरूप येत असे, आता ती त्या विषयावर बोलतसुद्धा नाही. बोट परत मिळण्याची आशा ठेवावी का? आणि आम्ही नेमके काय करावे?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : आशा अवश्य ठेवावी, आणि ती मी केवळ आपले मन राखण्यासाठी म्हणत नाही. मोटार चोरीला गेली तर ती तासाभरात कुठल्याही दिशेला साठ मैल जाऊ शकते. कालवा मात्र एक रेघ आहे. त्या रेघेवर आपली बोट पुढे किंवा मागे, एवढ्या दोनच दिशांना जाऊ शकते, तीही बहुतेक कालव्यांवरच्या ताशी चार मैलांच्या मर्यादेत आणि वाटेतले प्रत्येक लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारी दारांची कोठी) हाताने उघडून. मी स्वतः नऊ वर्षे अशा बोटीवर राहिले आहे आणि शेजारच्या एका कुटुंबाची बोट शोधायला थंडीत मैलोन्‌मैल चालले आहे. त्या अनुभवावरून सांगते की बोट शोधताना नकाशापेक्षा घड्याळ जास्त उपयोगी पडते.

बोट जागेवर नसणे म्हणजे दर वेळी चोरीच असते असे नाही. खुंट्या उपटून बोट वाहत जाते, कुणी टवाळखोर दोर सोडतो, किंवा परवाना संपलेली बोट प्रशासनच १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातल्या आठव्या कलमाखाली, आधी नोटीस देऊन, हलवते. आपल्या बाबतीत कापलेला दोर पुरेसा बोलका आहे, म्हणून त्यात वेळ घालवू नये. तो तुकडा मात्र जपून ठेवावा.

आता आपली बोट जिथे होती त्या जागेचा विचार करू. स्टोक ब्रूर्नच्या वरच्या लॉकपासून बकबीच्या खालच्या लॉकपर्यंत सुमारे पंधरा मैलांचा पट्टा असा आहे की त्यात एकही लॉक नाही, आणि आपली बोट नेमकी त्याच पट्ट्यात बांधलेली होती. या पट्ट्यातून बाहेर पडायला तीनच वाटा आहेत. दक्षिणेला स्टोक ब्रूर्नची सात लॉक, उत्तरेला बकबीची सात लॉक आणि गेटन जंक्शनवरून नॉर्दॅम्प्टनकडे उतरणारा फाटा, ज्यावर तब्बल सतरा लॉक आहेत. म्हणजे चोर कुठेही गेला असला तरी या तीनपैकी एका जिन्यावरून त्याला उतरावे किंवा चढावे लागले आहे, नाहीतर बोट अजून त्या पंधरा मैलांतच आहे.

बोटीची नाळ बोगद्याकडे, म्हणजे दक्षिणेला होती, ही आपण सहज लिहून गेलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ५७ फुटांची बोट कालव्यात वाटेल तिथे वळवता येत नाही, त्यासाठी काठ मुद्दाम आत खोदून रुंद केलेली जागा लागते. घाईत असलेला माणूस बहुधा नाळ असेल त्याच दिशेला निघतो. तसे झाले असेल तर बोट १८०५ मध्ये खुल्या झालेल्या, ३,०७६ यार्ड लांबीच्या ब्लिसवर्थ बोगद्यातून गेली. त्या बोगद्यात काठाची पायवाट नाही, त्यामुळे आत तिला पाहणारे कुणी नाही, पण बाहेर पडताच स्टोक ब्रूर्नचे गाव येते आणि तिथे थेट लॉकच्या काठावर घरे आहेत, पब आहे, कालव्याचे संग्रहालय आहे. बोटवाल्यांचा जुना हिशेब असा की एक लॉक म्हणजे एक मैल धरावा आणि तासाला असे तीन मैल मोजावेत. या हिशेबाने एकट्या माणसाला आपल्या जागेपासून स्टोक ब्रूर्नचे शेवटचे लॉक उतरायला साधारण चार तास लागतात. त्यापुढे कॉसग्रोव्हचे एक लॉक ओलांडले की मिल्टन कीन्समधून दहा मैलांहून अधिक लांबीचा लॉकविरहित पट्टा लागतो. सांगताना मला वाईट वाटते, पण आपली बोट आपल्याच शहरातून गेलेली असू शकते, म्हणून घराजवळचा कालवा आधी पायी पाहून घ्यावा.

घड्याळ लावायचे तर बोट कोणत्या रात्री हलली हे ठरवावे लागेल, आणि ते काठावर बांधलेल्या बोटींतली माणसेच सांगू शकतील. शेजारून बोट जाऊ लागली की आधी पाणी पुढे ओढले जाते, आपले दोर ताणून करकरतात, बोट हातभर सरकते आणि फळीवर टांगलेले कप एकमेकांवर वाजतात. दिवसा याकडे कुणी लक्ष देत नाही, परंतु नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडल्यानंतर कुणी सहसा बोट हाकत नाही, त्यामुळे रात्री अकराला कप वाजले तर माणूस अंथरुणात उठून बसतो आणि ती रात्र त्याच्या लक्षात राहते. म्हणून भेटेल त्याला ‘आमची बोट पाहिलीत का’ असे विचारण्याऐवजी ‘त्या आठवड्यात कोणत्या रात्री आपल्या शेजारून बोट गेली, आणि कुठल्या बाजूला’ असे विचारावे. लॉकजवळच्या घरांतही हेच विचारावे, कारण लॉकची झडप उचलताना दातेरी पट्टीवरच्या खिट्टीचा कडकडाट रात्री दूरवर ऐकू जातो. लॉकची दारे उघडी आणि झडपा वर टाकून कुणी गेले होते का, सकाळी दोन लॉकांमधल्या टप्प्यातले पाणी उतरलेले होते का, हे तिथल्या स्वयंसेवकांना ठाऊक असते. पबच्या कॅमेऱ्यातले चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, तेव्हा ती विचारणा आजच करावी.

कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टला कळवले असे आपण लिहिलेले नाही. ते राहिले असेल तर हे उत्तर वाचून होताच फोन करावा. २०१२ मध्ये ब्रिटिश वॉटरवेजकडून इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे दोन हजार मैलांच्या जलमार्गांचा कारभार या संस्थेकडे आला, आणि तिची माणसे नियमितपणे काठाने चालत प्रत्येक बोटीचा इंडेक्स क्रमांक (नोंदणीचा क्रमांक) आणि जागा नोंदवत असतात. आपला क्रमांक चोरीचा म्हणून नोंदला गेला की पुढची नोंद कुणाच्या तरी डोळ्यांत भरेल. ही माहिती आपल्याला थेट मिळेलच असे नाही, पण पोलिसांनी मागितली तर मिळते, म्हणून पोलिसांच्या १०१ या क्रमांकावर पुन्हा फोन करून गुन्ह्याच्या क्रमांकाखाली ही मागणी लेखी नोंदवून घ्यावी. त्याच वेळी हिवाळ्यातल्या दुरुस्त्यांमुळे कुठली लॉक त्या आठवड्यात बंद होती याची यादी ट्रस्टकडे पाहावी. तीन वाटांपैकी एक जरी बंद निघाली तरी आपले काम एक तृतीयांशाने कमी झाले. नॉर्दॅम्प्टनचा फाटा मला कमी संभवनीय वाटतो, कारण त्याच्या टोकाला नेन नदी आहे, तिथे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची वेगळी नोंदणी लागते, लॉकसाठी वेगळी किल्ली लागते आणि परकी बोट चटकन ओळखू येते.

बोट चोरणारा तिच्यात राहत असेल तर त्यालाही पाणी भरावे लागते, शौचालयाची टाकी रिकामी करावी लागते, कोळसा आणि गॅस घ्यावा लागतो. म्हणून पत्रके पबच्या दारावर लावण्यापेक्षा पाण्याच्या नळांपाशी लावावीत, आणि कालव्यावर फिरून डिझेल, कोळसा विकणाऱ्या बोटींच्या हाती अवश्य द्यावीत. त्या लोकांना आपल्या टापूतली प्रत्येक बोट आवाजावरून कळते. पत्रकात नाव आणि रंग यांवर भर देऊ नये, कारण या दोन्ही गोष्टी दोन दिवसांत बदलता येतात. ज्या बदलता येत नाहीत त्या लिहाव्यात. डाव्या अंगाला गोल खिडक्या किती आणि उजव्या अंगाला चौकोनी किती, त्यांच्यातली अंतरे, मागचा उघडा भाग केवढा, छतावरच्या हवेच्या टोप्यांची जागा, वेल्डिंग करून लावलेले एखादे ठिगळ. दिवाळीला, वाढदिवसाला काढलेले सगळे फोटो पुन्हा पाहावेत, माणसांच्या मागे बोटीचे तपशील सापडतात. आत देव्हारा लावला असेल तर तो चोराने पहिल्या दिवशीच काढला असेल, पण फळीतली स्क्रूची भोके राहतात. त्यांची जागा आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, म्हणून ती पत्रकात न छापता पोलिसांसाठी राखून ठेवावी.

बोट दिसलीच, तर आपण किंवा आपल्या पत्नीने तिच्यावर पाय ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. लांबून फोटो घ्यावा, जवळच्या पुलाचा क्रमांक टिपावा (कालव्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पुलावर तो असतो) आणि पोलिसांना बोलवावे. आत चोर असेल, किंवा सगळी पुंजी देऊन ती चोरापासून विकत घेतलेले एखादे निरपराध कुटुंबही असेल. १९७९ च्या मालविक्री कायद्याप्रमाणे चोराला स्वतःकडे नसलेली मालकी सहसा दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे हक्क आपलाच राहतो, पण प्रामाणिकपणे झालेल्या खरेदीनंतर सहा वर्षे गेली तर तो बुडू शकतो. विम्याची पूर्ण भरपाई घेतली की बोटीवरचा हक्क सहसा कंपनीकडे जातो, तेव्हा सही करण्यापूर्वी, बोट सापडल्यास आपल्याला ती परत घेता येईल का, हे लेखी विचारून घ्यावे. पैसे घेण्यात संकोच मुळीच करू नये. भरपाई घेणे म्हणजे बोटीवर पाणी सोडणे नव्हे.

प्रश्न : इतक्या हळू चालणारी बोट चोरून चोराला मिळते तरी काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कित्येकदा फक्त छप्पर. इंग्लंडमध्ये, विशेषतः लंडनच्या आसपास, घरभाडे न परवडणारी माणसे बोटींवर राहतात, आणि स्वतःचा धक्का नसलेल्या बोटीला १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त सहसा थांबता येत नाही, त्यामुळे नवी बोट आली, जुनी गेली, याचे कुणाला नवल वाटत नाही. काही चोरांचा डोळा इंजिन, बॅटऱ्या आणि सौर पट्ट्यांवर असतो, ते एवढे काढून बोट सोडून देतात. पूर्ण बोट विकायची असेल तर ती क्रेनने उचलून लांब ट्रकवर घालून दुसऱ्या कालव्यावर नेतात, परंतु पंधरा टनांवर वजन असलेले ते पोलाद उचलायला बोटींचे यार्ड, क्रेन आणि साक्षीदार लागतात. मिल्टन कीन्सच्या वाचकांनी टापूतल्या क्रेनच्या यार्डांनाही फोन करावा.

प्रश्न : मी एक जुनी नॅरोबोट घेण्याच्या विचारात आहे. किंमत फारच कमी आहे, मालक रोख मागतो आणि कागद हरवल्याचे सांगतो. चोरीची तर नसेल?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. या कालव्यांवरच्या बोटींसाठी घरासारखी मालकीची सक्तीची नोंदवही नाही आणि ट्रस्टचा परवाना हा मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून मागच्या विक्रीचे करारपत्र, विम्याचे कागद, दर चार वर्षांनी होणाऱ्या सुरक्षा तपासणीचा दाखला, यार्डांची बिले, यांतून मालकीची साखळी जुळवावी लागते. एखादा कागद हरवू शकतो, सगळे एकदम हरवत नाहीत. १९९८ च्या जूननंतर बांधून विकलेल्या बोटीवर सहसा चौदा अक्षरांचा ओळखक्रमांक मागच्या टोकाला उजव्या बाजूस असतो आणि तोच आत एका लपवलेल्या जागी पुन्हा कोरलेला असतो. दोन्ही जुळतात का ते तपासनिसाकडून पाहून घ्यावे, तो भाग घासलेला किंवा नव्याने रंगवलेला दिसला तर सौदा तिथेच थांबवावा. इंजिनाचा क्रमांकही बिलांशी ताडून पाहावा, आणि इंडेक्स क्रमांक घेऊन ट्रस्टला फोन करावा.

शेवटी, अंधार पडल्यावर बोटीपाशी जावे आणि टॉर्च बाजूच्या पत्र्याला जवळजवळ टेकवून, आडवा धरून, प्रकाश त्या पृष्ठावरून सरपटत जाईल असा पाहावा. रंगवलेल्या अक्षरांवर घाईने दुसरा रंग फासला तर जुन्या अक्षरांच्या कडा खालून वर उठून दिसतात. बोट हिरवी असो वा निळी, त्या उजेडात कुठे देवनागरीची शिरोरेषा जाणवली, तर मालकाला एक शब्दही न बोलता घरी यावे, पोलिसांना फोन करावा आणि मग आम्हाला.