ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये १ लाख ८० हजारांचं स्पूल मशिन, एफडी मोडून?

पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पत्र लिहिणारे नवी मुंबईत ऐरोलीला राहतात, दिवसा आयटीत नोकरी, रात्री आतल्या खोलीत स्टुडिओ. भजनी मंडळं, कोळीगीतं, कुणाच्या लग्नाचं गाणं, अशी वर्षाला साधारण ४० गाणी, गाण्याला ३,५०० घेतात. लॅपटॉपवरनं इंटरफेसचे (कॉम्प्युटरमध्ये आवाज आत-बाहेर नेणारा डबा) आठ आउटपुट जुन्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर काढतात, फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) हाताने हलवून मिक्स करतात आणि आता प्रश्न असा की फायनल स्टिरिओ मिक्स रेकॉर्ड करायचं कशावर. सेकंडहँड टू-ट्रॅक स्पूल मशिन, म्हणजे मोठ्या चाकांवरच्या टेपवर रेकॉर्ड करणारं, १ लाख ८० हजारांना, कार्डवर रेकॉर्ड करणारा स्टँडअलोन डिजिटल रेकॉर्डर ९२ हजारांना, नाहीतर त्याच इंटरफेसचे दोन लाइन इनपुट मोकळे आहेत, त्यात परत घ्यायचं, म्हणजे फुकट. मन टेपवर बसलंय हे तिसऱ्याच ओळीत कळतं.

आता हिशोब. मागच्या वर्षी स्टुडिओतनं १ लाख ४० हजार आले, खर्च ९५ हजार, हातात राहिले ४५ हजार. म्हणजे स्पूल मशिन ही तुमची चार वर्षांची सगळी कमाई झाली. टेपवर केलं म्हणून गिऱ्हाईक गाण्यामागे ५०० रुपये जास्त देईल असं धरू (देणार नाही, भजनी मंडळाच्या खजिनदाराला एकदा विचारून बघा), तरी मशिनचे पैसे निघायला ३६० गाणी लागतात, म्हणजे ९ वर्षं. आणि यात अजून टेप आलेलीच नाही. २,५०० फुटांचं स्पूल सेकंदाला १५ इंच स्पीडला ३३ मिनिटं चालतं, तुम्हीच लिहिलंय की बाहेरून मागवून एक साडेनऊ हजाराला पडतं, गाणं पाच मिनिटांचं धरलं तर एका स्पूलवर सहाच बसतात, ४० गाण्यांना सात स्पूल, ६६ हजार ५००. हातात राहणारे ४५ हजार त्यातच गेले. पुसून परत वापरता येतं, मान्य, पण मग मास्टर टेपवर राहिला कुठे, तो कॉम्प्युटरमध्येच गेला ना. तसंही गिऱ्हाइकाला शेवटी फाइलच द्यायचीय, म्हणजे टेपवरचं गाणं परत त्याच दोन लाइन इनपुटमधूनच आत यायचंय.

मशिन सेकंडहँड आहे, तेव्हा हेड (टेपवर आवाज उमटवणारा भाग) किती झिजलंय, पिंच रोलर (टेप पुढे ओढणारा रबरी रोलर) कडक झालाय का, बायस आणि अलाइनमेंट, म्हणजे टेपप्रमाणे मशिनची जुळवणी, करून देणारा माणूस कोण, हे विचारलंत का? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पार्ट मिळेलही, हात मिळणं कठीण. त्यात ऐरोली खाडीला लागून, पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते तिथे टेपचं काय. डीलर सोबत जुनी स्पूलं फुकट देतोय ती तर नकोच, त्या काळच्या बऱ्याच टेपचा बाइंडर (टेपवरचा थर धरून ठेवणारा गोंद) ओल धरून चिकट होतो आणि हेडवर पुटं चढतात.

मीही एकेकाळी ठाण्यात नौपाड्याच्या एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड बडवायचो, त्यामुळे हे वेड मला कळतं. त्याच ग्रुपमधल्या एकाने नव्वदच्या दशकात कर्ज काढून डॅट मशिन (छोट्या कॅसेटवर डिजिटल रेकॉर्डिंग करणारं) घेतलं होतं. डॅट १९८७ मध्ये आलं, २००५ मध्ये सोनीने त्याची मशिन बनवणं थांबवलं, आणि आज त्याच्याकडे कॅसेटचा एक खोका आहे, वाजवायला काही नाही.

स्टँडअलोन रेकॉर्डरचं तुमचं कारण मात्र खरं आहे: लॅपटॉप ३० ट्रॅक वाजवता वाजवता रेकॉर्ड करायला लागला की आवाजात टक-टक येते. पण मिक्सच्या वेळी कुणी गात नसतं, लेटन्सीने (आवाज किंचित उशिरा येण्याने) काही बिघडत नाही, तेव्हा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं बफर (लॅपटॉपला श्वास घ्यायला दिलेला वेळ) १०२४ वर न्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच जाते. नाहीच गेली तर १५-२० हजारांत लाइन इनपुटचा हँडी रेकॉर्डर येतो, त्याला मिक्सरच्या टेप आउटमधून सिग्नल द्या, मेन आउटमधून नको, ती लेव्हल त्याला झेपत नाही. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात, ४० गाण्यांची प्रत्येकी तीन व्हर्जन घेतलीत तरी १० जीबीच्या आसपास. सगळ्यात मोठा आवाज (पीक) मीटरवर -६ डेसिबलला ठेवा, २४ बिटमध्ये लाल दिव्यापर्यंत न्यायची गरजच नाही. आणि तीन व्हर्जन खरंच घ्या, मेन, गाणाऱ्याचा आवाज थोडा वर, आणि नुसता ट्रॅक, त्याच रात्री, कारण मिक्सरचं मिक्स उद्या तसंच्या तसं लागत नाही आणि "दादा, जरा आवाज वाढवा ना" हा फोन येतोच, तेव्हा पुन्हा बसलेल्या दोन तासांचे पैसे तुम्ही कधी लावलेत?

एफडी अडीच लाखांची, घराच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ७० हजार, म्हणजे साडेतीन महिन्यांची सोय. मला सहा महिन्यांची, म्हणजे ४ लाख २० हजारांची हवी. त्यामुळे एफडीला हात लावू नका. ईएमआय म्हणाल तर १४ टक्क्यांनी दोन वर्षांचा हप्ता ८,६५० च्या आसपास, व्याजच २७ हजारांवर, म्हणजे अजून आठ गाणी फुकट करायची. नो कॉस्ट ईएमआयच्या नावाला भुलू नका, रोखीवरची सूट जाते आणि प्रोसेसिंग फी वर. डीलर म्हणतो टॅक्स वाचेल. १५ टक्के घसारा म्हणजे पहिल्या वर्षी २७ हजारांची वजावट, २० टक्के स्लॅबला वाचले ५,४०० आणि वर थोडा सेस, तेही वर्षात १८० दिवस वापरलं तर, नाहीतर निम्मं. अंदाजे उत्पन्नाच्या योजनेत (खर्चाचा हिशोब न देता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यावर कर) रिटर्न भरलंत तर वेगळा घसारा मिळतच नाही.

माझं मत सांगतो. यंदा इंटरफेसमध्येच घ्या. २५ हजार खोलीवर घाला, कोपऱ्यांत रॉकवूलचे (आवाज शोषणारं दगडी लोकरीसारखं साहित्य) जाड पॅनेल, कारण बेस चुकीचा ऐकू येत असेल तर तो टेपवर घ्या नाहीतर सोन्याच्या पत्र्यावर, चुकलेलाच राहणार. दोन एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या, त्यातली एक सासरी ठेवा. मिक्सरला छोटा यूपीएस, लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, मिक्सर नाही.

टेपची हौस मारा असं मी म्हणत नाही. तुम्ही लिहिलंय की चाकं फिरताना दिसली की हात थांबतो, मिक्स संपतं, ते मला पटतं. पण ती हौस आहे, धंदा नाही, तिचं खातं वेगळं काढा, गाण्यामागे ५०० रुपये त्यात टाका, वर्षाला २० हजार जमतील. तोवर कुणाचं मशिन भाड्याने मिळालं तर एक अल्बम त्यावर करून बघा, आणि गिऱ्हाइकाला सांगू नका, बघा ओळखतो का.

एक राहिलं. पत्रात नोकरीचा फॉर्म १६ आहे, स्टुडिओच्या १ लाख ४० हजारांचा रिटर्नमध्ये कुठे पत्ता नाही. पुढच्या वेळी मशिनच्या हेडचे फोटो नकोत, मागच्या वर्षी आयटीआर कुठला भरलात तेवढं कळवा.