कुत्र्याच्या दुखऱ्या पायासाठी पहिल्यांदाच थ्रीडी प्रिंटरवर ब्रेस (आधाराची पट्टी) बनवताय? मग हे वाचा

आधी एक्स-रे. हाड मोडलंय की सांधा सैल झालाय हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पायाच्या थ्रीडी स्कॅनला हात घालू नका. चुकीच्या आधाराने पाय आणखी बिघडतो. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, आहेच.

खरी मेहनत स्कॅनमध्ये आहे. केसांमुळे मॉडेल खडबडीत येतं, म्हणून पायावर घट्ट सुती मोजा चढवा आणि त्यावर पेनाने भरपूर ठिपके काढा. कुत्रा उभा असताना, पायावर भार असतानाच स्कॅन घ्या. एकाने वाटीतलं दही चाटवायचं, दुसऱ्याने फोन घेऊन सावकाश फिरायचं. पाय हलला तर स्कॅन टाकून द्या, दुरुस्त करत बसू नका. नुसत्या फोटोंवरून केलेल्या मॉडेलला खरं माप नसतं, तेव्हा शिंप्याच्या टेपने तीन ठिकाणी घेर मोजून जुळवा. आत फोमसाठी जागा सोडा.

पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडतं. माझा पहिला ब्रेस मे महिन्यात बंद गाडीत वाकडा झाला. जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लास्टिक वापरा.

पहिल्या दिवशी अर्धाच तास घाला. मग काढून केस बाजूला करून कातडी बघा. आमच्या मोतीच्या घोट्यामागे रुपयाएवढी जखम झाली होती. एक कड जेमतेम दोन मिलिमीटर आत वळली होती, एवढंच कारण. बिचारा कण्हलासुद्धा नाही. पावसाळ्यात फोमचे दोन जोड ठेवा, ओला फोम पायावर राहू देऊ नका.