‘फक्त ५जी’ केल्याने ५जी येत नाही : दोन सिमं, जांभ्याचं घर आणि अडलेलं नेटवर्क

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नवा अँड्रॉइड ५जी फोन आहे, त्यात एक सिम जिओचं आणि एक एअरटेलचं. चिपळूणच्या बाजारपेठेत ५जी दिसतं, गावातल्या घरी मात्र ४जीच, आणि तेही रांगतं. भाच्याने एक कोड टाकून ‘एनआर ओन्ली’ (म्हणजे फक्त ५जी) करायला सांगितलं. त्यानंतर एअरटेलचं नेटवर्क पार गेलं. जिओवर अंगणात ५जी आलं, पण फोन लागेनासे झाले. मुलाचे ऑनलाइन तास घरूनच असतात, म्हणून हे सुटायला हवं.

सगळ्यात आधी तो बदल मागे घ्या. डायल पॅडवर *#*#४६३६#*#* टाका, फोनच्या माहितीचं पान उघडेल. दोन सिमं असल्यामुळे तिथे दोन्हींची निवड वेगळी असते. दोन्हीकडे ‘पसंतीचा नेटवर्क प्रकार’ बदलून ज्या पर्यायात एनआर (५जी) आणि एलटीई (४जी) दोन्ही आहेत तो ठेवा. हे पान उघडलं नाही तर (काही कंपन्या ते बंद ठेवतात) सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क सेटिंग रीसेट करा. मात्र त्याने वायफायचे साठवलेले पासवर्डही पुसले जातात, ते आधी लिहून ठेवा. हे आजच करा. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांच्या हातातल्या फोनवरून आणीबाणीचा ११२ लागला पाहिजे, ते ५जीच्या वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

एकच बदल केला आणि दोन सिमं दोन तऱ्हांनी वागली, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. आपल्याकडे ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. एअरटेलने पहिल्याच दिवशी जी आठ शहरं घेतली त्यांत मुंबईबरोबर आपलं नागपूरही होतं, आणि जिओने त्याच आठवड्यात दसऱ्याला मुंबईसह चार शहरांत चाचणी सुरू केली. पण दोघांनी रस्ते वेगळे निवडले. एअरटेलने मोबाइलसाठी ५जी उभं केलं ते ४जीच्या आधाराने. फोन आधी ४जी टॉवरला जोडला जातो, नियंत्रणाचे सगळे निरोप ४जीवरूनच जातात-येतात, आणि मोठा डेटा लागला की वर ५जीची वाहिनी जोडली जाते. याला नॉन-स्टँडअलोन म्हणतात. जिओने ५जीचा गाभाच वेगळा उभारला, तिथे फोन थेट ५जीला जोडला जातो. ते स्टँडअलोन.

आता ‘एनआर ओन्ली’ म्हणजे फोनला दिलेला हुकूम, की ४जीकडे बघूसुद्धा नकोस. ज्या जाळ्यात ४जीशिवाय ५जीचं दारच उघडत नाही तिथे असा फोन बाहेरच उभा राहणार. एअरटेल गेलं ते यामुळे. जिओवर ५जी मिळालं, कारण तिथे ४जीची गरज नव्हती. पण फोनवर बोलण्यासाठी ५जीवरचा आवाज, म्हणजे व्हीओएनआर, तुमच्या फोनमध्ये चालू असावा लागतो. तो नसला की एरवी कॉलच्या वेळी फोन गुपचूप ४जीवर उतरतो आणि व्होल्टीने, म्हणजे ४जीवरच्या आवाजाने, बोलणं होतं. तुम्ही ती उतरायची वाटच बंद केली होती. सिम, फोन आणि कंपनी, तिघांचाही यात दोष नाही. व्हिडिओ बघून हा कोड टाकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो आहे: या कोडने जे ५जी टॉवरवर आहे तेवढंच मिळतं, नसलेलं येत नाही, आणि बदल्यात कॉल जातात.

अर्थात भाच्याच्या प्रयोगातून एक फार मोलाची गोष्ट कळली. तुमच्या अंगणात जिओचं ५जी पोचतं. म्हणजे टॉवरवर ५जी आहे, फोन स्टँडअलोन ५जी पकडू शकतो आणि सिमही ठीक आहे. उरलं काय, तर अंगण ते माजघर एवढं अंतर.

हे अंतर समजून घ्यायला हवं, कारण कोकणातल्या बहुतेक घरांची गोष्ट हीच आहे. ५जी एका लहरीवर चालत नाही. देशात त्याचा मुख्य पट्टा (बँड) ३३०० मेगाहर्ट्‌झच्या वरचा, ज्याला फोनच्या माहितीपत्रकात एन७८ लिहितात. तिथे जिओ आणि एअरटेल दोघांकडेही तब्बल १०० मेगाहर्ट्‌झ रुंदीची जागा आहे, म्हणून बाजारपेठेत वेग डोळे दिपवणारा येतो. पण ही लहर आखूड. ती लांब जात नाही आणि भिंतीत शिरताना दम तोडते. दुसरा पट्टा ७०० मेगाहर्ट्‌झचा, एन२८. २०२२ च्या लिलावात तो एकट्या जिओने घेतला. त्याची जागा फक्त १० मेगाहर्ट्‌झ, त्यामुळे वेग बेताचा, पण तो डोंगर-झाडीतून लांबवर येतो आणि घरातही बराच शिरतो. गावाकडे अंगणात ५जी दिसतं ते पुष्कळदा या पट्ट्याचं असतं. जांभ्याच्या जाड भिंती, त्यातून पावसाळ्यात ओल धरलेल्या, आणि वर पत्रा असेल तर धातूचं झाकणच, यांतून एन७८ आत येईल ही आशा धरू नका. एन२८ ओटीपर्यंत येईल, माजघरात कदाचित नाही.

हे माझ्या शब्दावर विसंबून राहू नका, मोजून बघा. पण कोपऱ्यातल्या सिग्नलच्या उभ्या रेघा मोजू नका. किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ बघा. तिथे सिग्नलची ताकद उणे आकड्यात, डीबीएममध्ये दिसते. उणे ८५ म्हणजे छान, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० च्या खाली रडतखडत, आणि उणे १२० ला फोन कधीही सोडून देईल. दहा डीबीने घसरला की ताकद एक दशांश झाली, हे लक्षात ठेवा. अंगण, ओटी, माजघर, माडी असं फिरा, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा आणि आकडा लिहा. अंगणात उणे ९५ आणि माजघरात उणे ११८ आला, तर भिंतीने दोनशे भागांतला एकच भाग आत सोडला असं समजा. अशा ठिकाणी कुठलंही सेटिंग कामाचं नाही. नेटमॉन्स्टर नावाचं ॲप टाकलंत तर फोन कोणत्या पट्ट्यावर आहे तेही दिसेल, आणि मग अंदाज बांधायची गरजच राहणार नाही.

वर कोपऱ्यात ‘५जी’ अक्षरं दिसली म्हणून खात्री धरू नका, हेही इथेच सांगतो. ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीमध्ये ४जी टॉवर ‘माझ्याजवळ ५जी आहे’ अशी खूण पाठवतो, आणि बरेच फोन तेवढ्यावर ५जी लिहितात. प्रत्यक्षात डेटा ४जीवरूनच चाललेला असू शकतो. म्हणून अक्षरांपेक्षा वेग मोजा. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड ॲप त्यासाठी पुरेसं आहे.

आता तुमचं रांगणारं ४जी. मला विचाराल तर आधी हेच सुधारायला हवं. मुलाच्या तासाला ५जी लागत नाही, घरात स्थिर आणि बऱ्यापैकी वेगाचं ४जी मिळालं तरी पुरतं. ४जीलासुद्धा असेच पट्टे आहेत. जिओचे ८५०, १८०० आणि २३००. एअरटेलचे ९००, १८००, २१०० आणि २३००. घरात आत गेलात की वरचे पट्टे गळतात आणि फोन सगळ्यात खालच्या, अरुंद पट्ट्याला चिकटतो. सिग्नल भरलेला दिसतो, पण रस्ता अरुंद. २० मेगाहर्ट्‌झच्या ४जीवर दोन अँटेनांनी कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला १५० मेगाबिट, तर ५ मेगाहर्ट्‌झवर जेमतेम ३७. आणि हा सगळा टॉवरखालच्या वाडीवाडीत वाटला जाणार. त्यामुळे एकदा रात्री नऊला आणि एकदा पहाटे पाचला, त्याच जागी वेग मोजा. पहाटे झकास आणि रात्री मेला, तर गर्दी आहे. सिग्नल चांगला असून पहाटेही मेलेला, तर एकतर पट्टा अरुंद आहे किंवा टॉवरपासून पुढे जाणारी जोडणीच कमी पडते. डोंगराळ भागात सगळ्या टॉवरना फायबर नसतं, काही सूक्ष्मलहरींच्या दुव्यावर चालतात. तिथे तुमच्या हातात काही नाही, दुसऱ्या कंपनीचा टॉवर बघणं एवढंच.

सेटिंगचं पटकन उरकतो. बॅटरी सेव्हर बंद करा, बऱ्याच फोनांत तो चालू केला की ५जी आपोआप बंद होतं. डेटासाठी जे सिम निवडलंय त्यालाच ५जी मिळेल, दुसरं ४जीवर राहील, असे फोन अजून पुष्कळ आहेत. म्हणून घरी जिओ डेटावर ठेवून बघा. दोन्ही सिमांना पसंतीचा प्रकार ‘५जी/४जी ऑटो’ ठेवा. फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. २०२२ मध्ये कित्येक ५जी फोनांना आपल्याकडे ५जी मिळालं ते अपडेटनंतरच, आयफोनला तर डिसेंबरच्या १६.२ आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. एपीएन, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं सेटिंग, लोक उगाच बदलत बसतात. जिओचं ‘जिओनेट’, एअरटेलचं ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, एवढं जुळलं की पुरे. ‘वेगवान एपीएन’ म्हणून जे फिरतं त्यात काही तथ्य नाही.

प्लॅनही बघा. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून या दोन्ही कंपन्यांनी अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून जास्त डेटाच्या प्लॅनपुरतं ठेवलं. तुमचा रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर बाजारपेठेत मिळालेलं ५जी त्या दीड जीबीतूनच गेलं असेल आणि संध्याकाळी घरी वेग पडला असेल. हे कारण फार लोकांच्या ध्यानात येत नाही.

शेवटच्या ओळीत तुम्ही आईंच्या बीएसएनएलच्या जुन्या सिमचं विचारलंय. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला अधिकृतपणे सुरू झालं. आईंचं सिम जुनं, २जी-३जीच्या काळातलं असेल तर ते बदलावंच लागेल. आधार कार्ड घेऊन ग्राहक सेवा केंद्रात जा. सिम बदलल्यावर सुरुवातीचे चोवीस तास एसएमएस येत नाहीत, तेव्हा पेन्शनचं किंवा बँकेचं काम त्या दिवशी ठेवू नका. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. जिओ-एअरटेलचं ५जी मात्र चालू ४जी सिमवरच चालतं. म्हणून ‘तुमचं सिम ५जी करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला की तो चोराचाच, लगेच ठेवा. ओटीपी दिला तर नंबर त्याच्या ई-सिमवर जातो आणि पाठोपाठ बँक खातं. आईंना हे स्वतः बसवून सांगा, कारण असे फोन त्यांच्या वयाच्या माणसांनाच जास्त येतात. कुणी फसलंच तर तासही न दवडता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा.

तुमच्या घरासाठी मी काय करेन, तर ज्या खिडकीत किंवा पडवीत आकडा सगळ्यात चांगला येतो तिथे घरातला दुसरा ५जी फोन ठेवून त्याचा हॉटस्पॉट लावेन आणि मुलाला आत वायफाय देईन. उन्हात आणि पावसाच्या झडीत ठेवू नका, तापलेला फोन आपणहून वेग कमी करतो. हे जमलं आणि रोजची गरज असेल तर ५जीवर चालणारी घरगुती वायफाय सेवा बघा, जिओची आणि एअरटेलची दोन्ही एअरफायबर नावाने आहेत. त्यात अँटेना घराबाहेर, छपरावर बसतो आणि तार आत येते, म्हणजे भिंतीचा प्रश्नच मिटला. फक्त पैसे भरण्याआधी ते माणूस पाठवून सिग्नल मोजतात का हे विचारा. ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर घेऊ नका. विनापरवाना असा बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि त्याच्या गोंगाटाने आख्ख्या वाडीचं नेटवर्क बिघडतं.

टॉवर कुठे आहे आणि त्यावर काय काय आहे हे सरकारच्या तरंग संचार संकेतस्थळावर नकाशात बघता येतं. कंपन्यांचे ४जी-५जी व्याप्तीचे नकाशेही त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. नकाशात तुमच्या वाडीवर ५जी रंगवलेलं असेल आणि अंगणातसुद्धा मिळत नसेल, तर कंपनीच्या १९८ या नंबरवर तक्रार करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो असेल तरच पुढे त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ एवढंच लिहू नका. जागा, वेळ, डीबीएमचा आकडा, पट्टा आणि मायस्पीडचा निकाल लिहा. असे आकडे असलेली तक्रार तांत्रिक विभागाकडे जाते. नुसती ‘स्लो’ लिहिली तर ‘फोन बंद करून चालू करा’ हे उत्तर घेऊन परत येते.

कोड मागे घेतल्यावर अंगण, ओटी आणि माजघर इथले दोन्ही सिमांचे आकडे, शक्य असेल तर पट्टे, आणि रात्री-पहाटेचा वेग इथे टाका. फोनचं नेमकं मॉडेलही लिहा. २०२० ते २०२२ मधल्या काही फोनांवर ५जी लिहिलेलं असलं तरी पट्टे मोजकेच होते. तुमचा नवा आहे, पण एअरटेलच्या बाजूने त्यात काय काय आहे ते मी तपासून सांगतो.