जिवाणूंच्या प्रथिनांतलं ‘डोमेन’ म्हणजे काय? नवी डोमेन कुठून येतात?

डोमेन म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला असा भाग, जो स्वतःची घडी स्वतः घालतो आणि बहुतेक वेळा एक ठरलेलं काम करतो. बहुधा 50 ते 200 अमिनो आम्लांचा.

आमच्याकडे वाळव्यात सोयाबीन आहे, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा, आत गुलाबी दिसेल. (तो रंग झाडाच्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा.) आतल्या रायझोबियम जिवाणूमध्ये फिक्स-एल हे प्रथिन असतं. त्याच्या एका डोमेनमधलं हीम (लोह असलेला रेणू) ऑक्सिजन धरतं. ऑक्सिजन कमी पडला की शेजारचं कायनेज (फॉस्फेट चिकटवणारं) डोमेन जागं होतं, फिक्स-जे या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट देतं आणि नत्र स्थिरीकरणाची जनुकं चालू होतात.

नवं डोमेन कोऱ्या पाटीवर क्वचितच घडतं. जनुकाची जादा प्रत निघते, दोन जनुकं जोडली जातात, कधी दुसऱ्या जिवाणूकडून उसनवारी. ही जोडाजोड खरंच चालते का? 1989 मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची दोन प्रथिनं जोडून पाहिली: अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो आम्ल ओळखणारं डोकं एकाचं, कायनेजचं धड दुसऱ्याचं. अ‍ॅस्पार्टेट दिल्यावर त्या धडाच्या हाताखालचं जनुक चालू झालं! तासगावला द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर थॉमसन जातीची काडी भरतात, अगदी तसं.