होकार दिल्यावर ठेकेदाराने दर वाढवला, तर?

प्रश्न : पुण्यात सहकारनगरमध्ये आमचं जुनं बैठं घर आहे. चार खोल्यांतले एसी आणि गच्चीवरचा सोलर हीटर बदलण्याचं काम एका ठेकेदाराला दिलं. कोटेशन 2,86,000 रुपये, जीएसटीसह, 'दर 15 दिवस ग्राह्य'. नवव्या दिवशी होकार कळवून दीड लाख ॲडव्हान्स दिला. त्याने जुने एसी उतरवून 'सांभाळायला' म्हणून आपल्या गोडाऊनमध्ये नेले, कॉपर पाइप टाकले आणि मग "माल, टॅक्स सगळंच वाढलं" म्हणत 3,58,000 चं नवं कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं. मी "ठीक आहे, बघते" लिहून अंगठा टाकला. आता म्हणतो, वाढ मान्य केल्याशिवाय जुने एसीही देणार नाही. रोख आणि बिनबिलाचं चालत असेल तर जुन्या दरात करतो. 81 वर्षांची आई पंख्याखाली दिवस काढते आहे. शनिवारी तो बोलायला येतोय. काय करू? (दोन्ही कोटेशन, भावाने टेपने घेतलेलं जादा पाइपचं माप आणि सोलरच्या स्टँडबद्दलची त्याची व्हॉइस नोट सोबत पाठवत आहे. गच्चीवरचं काम बघायला मीच त्याला सांगितलं होतं.)

उत्तर : पत्र वाचताना माझा जीव अडकला तो त्या अंगठ्यात. ठरलेला करार बदलायचा तर दोघांची संमती लागते. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 62 तेच सांगतं. "ठीक आहे, बघते" याचा आपल्या बोलण्यातला अर्थ 'विचार करून सांगते' एवढाच. पण उद्या त्याचा वकील 'बघते' सोडून नुसत्या 'ठीक आहे'वर बोट ठेवेल आणि खालचा अंगठा दाखवेल. म्हणून शनिवारची वाट न पाहता आजच, त्याच चॅटमध्ये, हे लिहा :

"तुमचं नवं कोटेशन मला मान्य नाही. माझा आधीचा मेसेज म्हणजे ते मिळाल्याची पोच होती. तुमचं 2,86,000 रुपयांचं कोटेशन मी मुदतीत स्वीकारलं आहे. त्याच दराने काम सात दिवसांत पुन्हा सुरू करावं आणि माझे चार जुने एसी परत करावेत."

हाच मजकूर कागदावर सही करून त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. पावती कोटेशनला टाचून ठेवा. जुने मेसेज पुसू नका, आणि एवढ्यात फोन बदलायचा विचार असेल तर तो पुढे ढकला.

आता मूळ मुद्दा. 'दर 15 दिवस ग्राह्य' ही मुदत तुम्ही होकार देण्यासाठी होती. ती नवव्या दिवशीच पाळली गेली, करार झाला. काम त्या 15 दिवसांत संपलं नाही म्हणून दर सुटा होत नाही. ठेकेदार हे सर्रास उलटं सांगतात आणि लोक ऐकून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तांबं महागलं असेल, तो खोटं बोलत असेल असं मी म्हणत नाही. पण भाव वाढले म्हणून करार मोडत नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला तूप पुरवणाऱ्या एजंटांनी युद्धामुळे परिस्थिती पालटली म्हणून वाढीव मोबदला मागितला होता. अलोपी परशाद विरुद्ध भारत सरकार या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये ती मागणी फेटाळली. महायुद्धाची सबब चालली नाही, तिथे ही कशी चालेल? टॅक्सचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणि सोलर हीटरवरचा 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. टॅक्स वाढला म्हणत असेल तर कोणता, किती, कधीपासून, हे लेखी मागा.

पण 72 हजारांतला एक पैसाही देणं लागत नाही, असं मी सांगणार नाही. नव्या कोटेशनमध्ये तीन आकडे आहेत. 'माल वाढ' 41,000 : हे देणं लागत नाही. 'जादा कॉपर पाइप' 14 मीटर, 1,350 रुपये दराने 18,900 : इथे थांबा. पहिल्या कोटेशनच्या तळाशी बॉलपेनने लिहिलेली ओळ वाचलीत का? 'जादा पाइप प्रत्यक्ष मापाने, 950 रु. मीटर.' म्हणजे जादा पाइपचे पैसे द्यायचे आहेत, पण मोजून आणि 950 नेच. तुमच्या भावाने टेप लावून मोजलं तर 11 मीटर भरलं, असं तुम्ही लिहिता. त्याचे होतात 10,450. भिंतीतला पाइप प्लास्टरखाली जाण्याआधी टेपसकट फोटो काढून ठेवा, नंतर मोजता येणार नाही. तिसरा आकडा सोलरच्या नव्या स्टँडचा, 12,100. हा दर सांगितल्यावर भावाने व्हॉइस नोटमध्ये "चालेल, करून टाका" म्हटलं आहे. गच्चीवरचं काम बघायला भावाला तुम्हीच पुढे केलं होतंत, तेव्हा हे पैसे द्या. मूळ 2,86,000 धरून एकूण 3,08,550 झाले. दीड लाख वजा जाता 1,58,550 राहतात. आकडा नीट मांडून, स्वतःहून त्याच्यापुढे ठेवा. पुढे ग्राहक आयोगासमोर जायची वेळ आली, तर रास्त पैसे द्यायला आपण तयार होतो हे दाखवणारा हाच कागद तुमची बाजू सगळ्यात भक्कम करेल.

जुने एसी अडवणं मात्र सरळ बेकायदेशीर आहे. दुरुस्तीला दिलेली वस्तू मजुरी मिळेपर्यंत ठेवून घेण्याचा हक्क कारागिराला आहे. पण या एसींवर त्याने काहीच काम केलेलं नाही, नुसते नेऊन ठेवलेत. दुसऱ्याची वस्तू बेकायदा अडवून नव्या कराराला होकार मिळवणं याला करार कायद्याचं कलम 15 बळजबरी म्हणतं, आणि बळजबरीने घेतलेले पैसे कलम 72 प्रमाणे परत करावे लागतात. आईंच्या हालांमुळे नाइलाजाने काही द्यावंच लागलं, तर 'हरकत नोंदवून देत आहे' असं लिहून बँकेतूनच द्या.

बिनबिलाच्या सौद्याला कृपा करून बळी पडू नका. बिलाशिवाय कंप्रेसरची वॉरंटी मागताना पंचाईत होईल, आणि रोख दिलेले पैसे सिद्ध करता करता नाकी नऊ येतील. मुळात बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे.

सात दिवसांत तो आला नाही तर आईंना उकाड्यात ठेवून निकालाची वाट बघू नका. तपकीर गल्लीत किंवा जवळपास दोन ठिकाणांहून उरलेल्या कामाची लेखी कोटेशनं घ्या, झालेल्या कामाचे फोटो काढा, ठेकेदाराला लेखी कळवा आणि रास्त दराच्या माणसाकडून काम उरकून घ्या. आईंची खोली आधी. ठरल्यापेक्षा जो खर्च जादा येईल तो करार कायद्याच्या कलम 73 खाली भरपाई म्हणून मागता येतो. नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही हातपाय हलवलेत का, हेही तिथे पाहिलं जातं.

मग पुणे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही पुण्यात राहता, त्यामुळे त्याचं दुकान कुठेही असलं तरी तक्रार इथे चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथून विचारणा झाल्यावर काही जण वठणीवर येतात.

शनिवारी तो येईल तेव्हा भावाला घरी थांबवून घ्या. तोंडी जे ठरेल ते तो दाराबाहेर पडायच्या आत त्याच चॅटवर लिहून पाठवा, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.