तुळशीचा शेंडा खुडायला घाबरू नकोस

तुझी तुळस काठीसारखी सरळ उंच चाललीय, हा खताचा दोष नाही. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना, म्हणजे नव्या फांद्यांच्या कोंबांना, दाबून ठेवतं. शेंडा आहे तोवर फांद्या कमीच फुटणार.

रोप वीतभर झालं की जवळून बघ. खोड चौकोनी, पानं समोरासमोर, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात. दोन्ही पानांच्या बगलेत मोहरीएवढा हिरवा डोळा दिसेल. ही पानांची जोडी जिथे खोडाला जोडलेली असते त्या पेराच्या जरा वर नखाने खुड. एका शेंड्याच्या जागी दोन फांद्या येतात. त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुड.

आपल्या पुण्यात मला यासाठी जूनचे पहिले पाऊस सगळ्यात आवडतात, तेव्हा फूट भराभर येते. डिसेंबरच्या थंडीत मात्र हात आवर.

मंजिऱ्या हिरव्या असतानाच काढ. बी धरलं की झाडाची ताकद तिकडे जाते. (एखादी वाळू दे, पुढच्या वर्षीच्या रोपांसाठी.) आणि कुंडी सावलीत असेल तर आधी उन्हात आण, नाहीतर खुडूनही फांद्या लुकड्याच राहतील.