पुढच्या चाकांना लॉकर टाकू का? : वाचकांचे प्रश्न, गाडी आणि रस्ता

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी शहाद्याचा, बियाणं आणि ठिबकच्या सामानाचा धंदा आहे त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी धडगावकडच्या पाड्यांवर जाणं होतं. गाडी थार आहे, 2021 ची डिझेल, मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफ (डिफरन्शियल) कंपनीकडूनच आलेला. गेल्या जुलैत एका नाल्यात पुढचं उजवं चाक खड्ड्यावर अधांतरी राहिलं आणि मागचं डावं नुसतं टेकलेलं, दोन्ही गरगर फिरायला लागली. मी घाबरून पाय काढला, परत दाबला, परत काढला, असं पंधरा मिनिटं चाललं, शेवटी पाड्यावरच्या पोरांनी ढकलून काढली. आता एक गॅरेजवाला म्हणतो पुढे एअर लॉकर (कंप्रेसरच्या हवेने लागणारा डिफ लॉक) टाकून घ्या मग कुठेच अडकणार नाही. खर्च मोठा आहे, घरचे नको म्हणतात. तुम्हले काय वाटस?

उत्तर : भाऊ, घरचे बरोबर बोलताय. आत्ता तरी नका टाकू. पण नुसतं नको म्हणून भागणार नाही, कारण पुढचा लॉकर ही वाईट चीज अजिबात नाही, जिथे लागते तिथे तिच्यासारखं काही नाही, म्हणून नीट सांगतो, थोडं लांबेल.

तुमच्या घरी ट्रॅक्टर असणारच. त्याला टाचेजवळ एक पेडल असतं, नांगरताना एक चाक ओल्यात फिरायला लागलं की आपण ते दाबतो आणि दोन्ही मोठी चाकं एकसाथ ओढायला लागतात. तोच डिफ लॉक. आणि घरातल्या मोठ्या माणसाने ट्रॅक्टर शिकवताना हेही सांगितलं असेल की पेडल दाबून वळायचं नाही. का? कारण वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी. गाडीचं हिशोबाने सांगतो, दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं तर एका यू टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास पावणेपाच मीटर जास्त चालतं. हा फरक सांभाळायलाच डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा संच, असतो. त्याची खोड एकच, तो दोन्ही चाकांना ताकद सारखी देतो, म्हणजे हवेतल्या चाकाला फिरायला जेवढी लागते तेवढीच जमिनीवरच्याला मिळते, आणि हवेतल्याला तर काहीच लागत नाही. म्हणून एक चाक गरगर आणि दुसरं ढिम्म. लॉकर काय करतो तर दोन्ही चाकांचे शाफ्ट एकमेकांना बांधून टाकतो, मग ज्याला पकड आहे ते चाक ओढतं.

आता तुमचा नाला. मला असं वाटतं तुमच्या गाडीने तुम्हाला दगा दिलाच नाही, तुम्ही तिला काम करायला वेळ दिला नाही. तुमचा मागचा लॉक बटणाचा नाही, तो आपोआप लागतो, पण कधी लागतो तर डाव्या उजव्या चाकाच्या फिरण्यात साधारण 100 आरपीएमचा फरक पडला की. म्हणजे आधी ते चाक थोडं फिरूच द्यावं लागतं. तुम्ही चाक फिरलं की पाय काढला, लॉक लागला नाही किंवा लागून लगेच सुटला, परत दाबलं, परत पहिल्यापासून सुरू. पुढच्या वेळी फोर लो टाका (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि जोर जास्त), पहिला गिअर, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा आणि तिथेच धरून ठेवा, चाक एक दोन गिरक्या घेईल मग खालून खट्ट असा आवाज येईल, दचकू नका, तोच तो. मग पाय तसाच ठेवायचा, वाढवायचा नाही. एकदम पूर्ण दाबून लॉक लागला तर सगळा झटका एक्सलवर जातो. पुढच्या चाकांना तुमच्याकडे ब्रेकवाली सिस्टिम आहे, ती फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक आवळते आणि ताकद दुसऱ्या बाजूला पाठवते, तिलाही पाय स्थिरच लागतो. घराजवळ एखाद्या सुरक्षित चारीत मुद्दाम गाडी तिरकी घालून दहा वेळा हे करून बघा, कोणीतरी बाहेर उभं राहून चाकं बघायला घ्या. माझी खात्री आहे त्या नाल्यातून तुम्ही पोरांना हाक न मारता निघाला असता.

आता पुढचा लॉकर कुठे कामाचा. सातपुड्यातल्या नाल्यात ते काळे गुळगुळीत दगड असतात ना, पायऱ्यांसारखे, गुडघ्याएवढ्या उंचीचे, तिथे. मागची चाकं कितीही ढकलू देत, पुढचं चाक दगडाला छाती लावून उभं राहतं, त्याला स्वतःला वर चढावं लागतं. एकदा एका मित्राच्या फोर्स गुरखा गाडीत बसलो होतो, तिला पुढे मागे दोन्हीकडे लॉक कंपनीचेच. पुढचं डावं चाक दगडाच्या तोंडाशी आणि उजवं शेवाळावर, उजवं नुसतं फिरतंय आणि हिरवं पाणी उडतंय. त्याने गाडी थांबवली, आधी मागचा लिव्हर ओढला, तरी नाही. मग स्टीयरिंग एकदम सरळ केलं आणि पुढचा ओढला. गाडी जवळपास बंद पडेल इतक्या हळू, डावा टायर दगडाच्या कडेवर दबला, रबराला घडी पडलेली मला खिडकीतून दिसत होती, आणि तो इंच इंच वर गेला. वर पोचल्याबरोबर त्याने पुढचा लॉक काढला, मग वळवलं. काढायच्या आधी मी म्हटलं जरा मलाही बघू दे, स्टीयरिंगला हात लावला तर दोन्ही हातांनी हलेना, जसं कोणी सिमेंटमध्ये रोवलंय.

अजून एक जागा, जी लोकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे रिव्हर्स. नाल्यात उतरलात, पुढे रस्ता नाही, मागे चढून यायचंय, तेव्हा गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची हलकी होतात, तिथे पुढचा लॉक सोन्यासारखा.

पण किंमत नुसती पैशाची नाही. पुढच्या एक्सलला दोन कामं असतात, ओढणं आणि वळणं. लॉक नसलेल्या उघड्या डिफमध्ये एका बाजूच्या शाफ्टवर अर्ध्यापेक्षा जास्त ताकद जाऊच शकत नाही, म्हणजे ती जी खोड सांगितली तीच शाफ्टचं रक्षणही करते. लॉक केला आणि एकच चाक दगडात रुतलेलं असेल तर सगळी ताकद त्या एका शाफ्टवर. तुमच्या इंजिनची 300 न्यूटन मीटर, त्यावर पहिला गिअर, त्यावर फोर लोचे जवळपास अडीचपट, त्यावर डिफचं गुणोत्तर, आणि हे सगळं एका जॉइंटवर, म्हणजे चाकाजवळ शाफ्ट जिथे वाकतो त्या सांध्यावर. स्टीयरिंग पूर्ण वळवलेलं असलं की तो जॉइंट जास्तीत जास्त वाकलेला असतो आणि तेव्हाच तो सगळ्यात कमजोर. आमच्यातल्या एकाने जुन्या फोर बाय फोरला बाहेरून पुढचा लॉकर बसवून घेतला होता, फैजपूरच्या पुढे पालकडे जाताना एका ओढ्यात उतरलो, परवानगी घेऊन, अभयारण्याच्या बाहेरच, वळवलेल्या चाकांवर त्याने जोर दिला, आवाज फार मोठा नाही आला, काठी मोडल्यासारखा टक्क, आणि पुढचं चाक बाहेरच्या बाजूला कलल्यासारखं झालं. संध्याकाळचे पाच वाजलेले, फोनला रेंज नाही, बरोबर त्याचा म्हातारा बाप. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, "आते काय करानं" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरने गाडी निघाली. रुतलेली गाडी ढकलून निघते, तुटलेली निघत नाही.

त्यात तुमच्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात, सीव्ही जॉइंटवालं (तोच वाकणारा सांधा). गुरख्याचा पुढचा एक्सल अखंड, जाड, आणि कंपनीने लॉक धरूनच बनवलेला, म्हणून तिचं बघून आपण करायला जाऊ नये. शिवाय बाहेरून बसवताना पूर्ण डिफ उघडतात, क्राऊन पिनियन या दोन गिअरमधला बॅकलॅश म्हणजे मोकळीक, शिम म्हणजे पातळ चकत्या टाकून परत जुळवावा लागतो, ते काम करणारा हात चांगला नसेल तर दोन महिन्यांत हाउसिंगमधून कण्हल्यासारखा आवाज यायला लागतो. वॉरंटीचा प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याचं गाडीत बदल करण्याविषयीचं कलम 52 आहे, आणि 2019 साली सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. अपघात झाला आणि विमावाल्याने बोट दाखवलं तर तुम्ही काय करणार, हे पैसे देण्याआधी विचारा स्वतःला.

आणि पावसाळ्यातली आपली काळी जमीन. गॅरेजवाल्याने "कुठेच अडकणार नाही" म्हटलं ना, त्याला म्हणावं जुलैत रावेर यावल भागात केळीच्या बांधावरून गाडी घालून दाखव. टायरच्या खाचा पन्नास पावलांत भरतात, टायर गुळगुळीत लाडू होतो, माती चाकाच्या कमानीत भरून चाक फिरायचंच बंद होतं. तिथे चारही चाकांना पकड नाही, मग चारही बांधून फिरवली तरी ती चारही फिरतील आणि गाडी बांधावरून शेतात घसरेल. हे मला लोकांना फार कळकळीने सांगावंसं वाटतं, की उतारावर तिरकी गाडी असताना लॉक केलेला एक्सल सरळ खाली घसरतो, कारण दोन्ही चाकं एकदम सुटतात, एकही चाक धरून ठेवायला शिल्लक राहत नाही. मागचा लॉक असेल तर शेपूट जातं, पुढचा असेल तर तोंड जातं, आणि तोंड गेलं की स्टीयरिंग हातात असून नसल्यासारखं.

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी टायर. कंपनीचे हायवेकडे झुकणारे असतील तर चांगले ऑल टेरेन घ्या, सहा महिने मातीतच फिरणं असेल तर मड टेरेन, त्यांच्या खाचा मोठ्या असतात, चाक जरा वेगाने फिरवलं की माती फेकतात. लॉकर, कंप्रेसर आणि मजुरीच्या पैशात चारही येतील. एक हवेचा छोटा पंप आणि गेज गाडीत ठेवा. दगडात 32 ची हवा 22 वर आणली तरी टायर दगडाला मिठी मारतो, फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल, फक्त डांबरीवर यायच्या आधी परत भरा. गाडी ओढायला एक चांगला पट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं. टो हुक म्हणून पुढे जी पातळ कडी असते तिला झटका देऊन ओढू नका, ती तुटून काचेतून आत आलेली उदाहरणं आहेत. आणि उतरून चालत जाऊन नाला बघा, कुठलं चाक कुठे पडेल ते ठरवा, त्याला काहीच पैसे लागत नाहीत.

एवढं करून, मागचा लॉक हातात बसून, एक पावसाळा काढून तरी तुम्हाला दगडाच्या पायऱ्यांवर रोज जावं लागत असेल, तर मग पुढचा घ्या, पण स्विचने लावता काढता येणाराच. स्वस्तातला आपोआप लागणारा पुढे कधीच नाही, तो वळणावर स्टीयरिंग हिसकावतो. पाड्यावर माल पोचवणाऱ्या माणसाला त्याची गरज पडेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : चोपड्याहून लिहितोय. माझ्या जिम्नीत लॉकर नाहीच, ब्रेकवाली सिस्टिम आहे. ती पुरते का? आम्ही कधीकधी तापीच्या वाळूत जातो.

उत्तर : पुरते. तुमच्या गाडीचे दोन्ही एक्सल अखंड आहेत, एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं, म्हणून चाकं जमिनीवर जास्त वेळ राहतात, वजनही 1200 किलोच्या आसपास, वाळूला हे फार मोठं. दगडात पाय स्थिर धरला की सिस्टिम आपलं काम करते. वाळूत मात्र तिच्या भरवशावर खूप वेळ चाकं फिरवत बसू नका, ब्रेक तापतात आणि चाक खोल जातं. 16 ते 18 वर हवा आणा, थांबायचं असेल तर ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या, तोंड उताराकडे ठेवून. रुतायला लागली की लगेच थांबून मागे घ्या, अजून जोर देऊ नका. आणि पावसाळ्यात पात्रात जाऊच नका, वर हतनूरचे दरवाजे उघडले की पाणी तुम्हाला सांगून येत नाही, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झालेला असतो.

प्रश्न : धुळे सुरत हायवेवर पावसात फोर हाय (चारही चाकांना ताकद) टाकून चालवतो, पकड चांगली वाटते. कधीकधी नंतर टू हाय (फक्त मागच्या चाकांना ताकद) पडतच नाही. बिघाड आहे का? गाडी जुनी पार्ट टाइम फोर बाय फोर आहे.

उत्तर : बिघाड नाही, पण सवय बदला. तुमच्या गाडीला पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफच नाही, फोर हाय टाकलं की दोन्ही एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर चालतात, तो फरक मातीत घसरून निघून जातो, डांबरीवर निघत नाही, रस्ता जरा सुकला की पीळ सगळा ट्रान्सफर केसमध्ये (पुढे मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात) भरतो. हायवेवर टू हाय, वेग कमी आणि चांगले टायर. लिव्हर अडकला तर जोर लावू नका, सुरक्षित जागी गाडी दोन चार मीटर सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की लिव्हर एका बोटाने येतो.